निळ्याच्या जागी हिरवा

कीटमान्सहूपला रेल्वे यार्डामागं एक पत्र्याची शेड आहे.
ड्रुसिला स्वार्टबॉय गाडीतला गालिचा उचलते
आणि बराच वेळ काही बोलत नाही.

इस्माएल बोईस दारातच थांबलाय, टोपी हातात.
तो लशी पोचवतो. बेथानी, बर्सेबा, आणि त्याच्याही पुढं,
जिथं गावाची पाटी गावापेक्षा मोठी असते.
गाडीच्या पाठी फ्रिज, फ्रिजच्या पोटात गोवराच्या बाटल्या.
"फ्यूज तीनदा उडाला," तो म्हणतो.
"मग मी हिरवा घातला. त्यानंतर एकदाही नाही."

हिरवा म्हणजे तीसचा.
जागा निळ्याची होती, पंधराची.

ती वायरीचा वीतभर तुकडा कापून त्याच्या तळहातावर ठेवते.
एकेकाळची लाल. आता करपट तपकिरी,
वाकवली की आवरण बिस्किटासारखं मोडतं.
इस्माएल वास घेतो. टोपी परत डोक्यावर घालतो, परत काढतो.

"फ्यूज फ्रिजसाठी नसतो. वायरीसाठी असतो."
हे वाक्य तिनं पोलीस हवालदाराला सांगितलंय,
भोंगा लावायला आलेल्या पाद्र्याला सांगितलंय,
टपावर दहा दिवे मिरवणाऱ्या जर्मन पाहुण्याला सांगितलंय.
पाहुणा फक्त हसला होता.
"तीसचा उडाला नाही, कारण
त्याच्या आधी जळायला वायर तयार होती."

बाकावर फ्यूजांचा खण उघडा:
लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस,
बिनरंगी पंचवीस, जो पडला की सापडत नाही.
तिचा मुलगा याच खणातून रंग शिकला.
शाळेत बाईंनी विचारलं, आकाश कसं?
तो म्हणाला, पंधरा.

मग ती बॅटरी डब्याखाली आडवी होते
आणि चोर सापडतो.
इंजिन नि केबिनमधल्या पत्र्याला भोक,
भोकाला रबर नाही.
खडीच्या रस्त्यावर दर खड्ड्याला
वायर पत्र्याच्या धारेला घासत राहिली, दोन वर्षं.
निळा फ्यूज तीनदा हेच सांगत होता.

नवी पेटी येते, सहा घरांची.
झाकणावर बारीक अक्षरं: एका घरात तीस, सगळी मिळून शंभर.
"तीन सक अठरा," इस्माएल बोटं मोडतो, "एकशेऐंशी की."
"इथंच सगळे फसतात.
घरं सहा आहेत, पण दार एकच."
मुख्य वायर सोळाची, तिच्यावर फ्यूज साठचा,
बॅटरीपासून वीतभर अंतरावर.
त्या वीतभराला राखणदार कुणी नाही,
म्हणून ती वीतभरच.

रबर बसतं. फ्रिजला चारची वायर, पुन्हा निळा पंधरा.
अर्थिंगच्या जागचा रंग ती खरवडते,
उघडं लोखंड चमकेपर्यंत.
इस्माएल विचारतो, एखादा जास्तीचा हिरवा मिळेल का, असावा जवळ?
ती त्याच्याकडं नुसती बघते.
तो तीन निळे घेतो.

पाच आठवड्यांनी, गुरुवारी, जेवणाच्या वेळी फोन.
रेंज तुटक, मागं वारा.
"ड्रुसिला, निळा उडाला."
तिचा घास हातात.
"मग काय केलंस?"
"थांबलो. गालिचा उचलला.
फ्रिजच्या पायाखाली वायर दबली होती,
बांधताना माझ्याच हातून. आतली तार दिसत होती.
सोडवली, टेप गुंडाळला. दुसरा निळा घातला.
फ्रिज चालू आहे. पाच अंश."

ती घास खाते. चावते.
"टेप तात्पुरता," म्हणते. "येताना घेऊन ये गाडी.
आणि तो उडालेला फ्यूज टाकू नकोस,
मला मुलाला दाखवायचाय."